दोन्ही वाटांवरची विहीर

बस डेपोत ड्रायव्हरांच्या ड्युट्या लावणं म्हणजे सकाळी उठून आपणहून शिव्या खायला बसणं. कुणाला पहाटेची गाडी नको, कुणाला स्टेशनची गर्दी नको, कुणाची कंबर धरलेली, कुणाच्या पोराची परीक्षा, आणि दोघं तर असे की एकमेकांचं तोंड बघायचं नाही म्हणून एका पाळीत चालत नाही. ताईच्या आधी त्या खुर्चीत बसणारे गृहस्थ रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन घरी गेले. त्यांच्या आधीचे तर न सांगताच गेले. ताई मात्र त्या काचेच्या खिडकीमागे वर्षानुवर्षं ठाण मांडून बसली, आणि तिच्यावर कुणी आवाज चढवल्याचं डेपोत कुणाला आठवत नाही.

तिची एक युक्ती होती. 'ही ड्युटी कर' असं ती कुणालाही म्हणायची नाही. ती विचारायची. बाजाराची गाडी घेतोस की कारखान्याची? आता कारखान्याची गाडी म्हणजे दोन फेऱ्यांच्या मध्ये चहा प्यायलासुद्धा उसंत नाही. ड्रायव्हर डोकं खाजवायचा आणि म्हणायचा, बाजाराची द्या. ताईला त्याला बाजाराचीच द्यायची असायची. कारखान्याची तिनं आदल्या दिवशीच कुणाच्या तरी गळ्यात मारलेली असायची, आणि त्यालाही ती त्याआधी रीतसर विचारून मोकळी झालेली असायची. पण गडी खुशीत शिट्टी वाजवत गाडीकडे जायचा, की बघा, ताई निदान विचारते तरी.

आता यात वाईट काय, असं तुम्ही म्हणाल. काही नाही. गाड्या वेळेवर सुटत होत्या.

ही युक्ती ती डेपोत शिकली नव्हती, घरात शिकली होती. आई गेली तेव्हा ताई शाळेच्या शेवटच्या वर्गात होती आणि धाकटा भाऊ नुकता दुडुदुडु चालायला लागला होता. बाप ट्रकवर, आला तर आला. पोर असं हट्टी की दुधाचं नाव काढलं तरी ओठ घट्ट मिटून बसायचं. ताईनं लाडीगोडी लावून पाहिलं, धपाटा घालून पाहिला, शेवटी स्वतः रडून पाहिलं. मग एक दिवस वैतागून तिच्या तोंडून निघून गेलं, 'पेल्यात पिणार की वाटीत?' पोरानं विचार केला, मोठ्या रुबाबात वाटीकडे बोट दाखवलं आणि घटाघटा पिऊन टाकलं. दूध प्यायचं की नाही, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून घर असंच चाललं. निळा स्वेटर की लाल, गणित आधी की भाषा, दातांच्या डॉक्टरकडे आज की उद्या. स्वतःच्या लग्नाच्या बाबतीत मात्र ताईनं दुसरी वाट ठेवलीच नाही; कुणी विषय काढला की 'आधी ह्याचं शिक्षण होऊ दे', आणि शिक्षण झाल्यावर 'आता काय राहिलंय', इतकंच.

धाकटा मोठा झाला आणि लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक झाला. उंच इमारतीच्या पोटात, लिफ्टच्या टपावर उभं राहून तारा तपासायच्या, आणि पायाखाली नुसता अंधार. त्याला त्यात मजा वाटायची. ताईला मात्र ते ऐकवायचंसुद्धा नाही. तिनं डेपोच्या वर्कशॉपमध्ये त्याच्यासाठी शब्द टाकला आणि घरी येऊन विचारलं, इंजिनकडे जाशील की टायरकडे? धाकटा इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, ताई, मी आता वाटीनं दूध पीत नाही. म्हणजे त्याला तिची युक्ती पुरती ठाऊक होती. तरी माणूस झोपेत, तापात, दुखण्यात थोडाच हुशार राहतो?

ह्याच धाकट्यानं तो गोष्टीचा खेळ घरात आणला. ना पट, ना सोंगट्या. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. सांगणारा म्हणतो, समोर नदी आहे, पूल तुटलाय, पलीकडे कुणीतरी कंदील हलवतंय. आणि मग विचारतो, 'तुम्ही काय करता?' पोहायचं, ओरडायचं, मागे फिरायचं, तिथेच पथारी पसरायची, जे मनात येईल ते. जमेल की नाही अशी शंका असली तर फासा टाकायचा, वीस बाजूंचा, टपोऱ्या गोटीसारखा. सांगणाऱ्यापुढे पुठ्ठ्याचा एक आडोसा उभा असतो. त्याच्यामागे त्याचे कागद आणि त्याचे फासे. त्याला गेम मास्टर म्हणतात. धाकट्याच्या मंडळींत आधी जो होता तो नोकरीसाठी परगावी गेला आणि खेळ बंद पडायची पाळी आली, तेव्हा धाकटा म्हणाला, आमच्या ताईइतकी गोष्ट कुणी सांगत नाही. ताईनं आधी नाक मुरडलं. मग दर रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून आडोसा मांडायला लागली ती मांडायलाच लागली.

खेळायला तिघं. एक धाकटा. दुसरा त्याचा शाळेपासूनचा मित्र, चौकातला औषधवाला, अंगानं दांडगा आणि मनानं लोणी. तिसरी वरच्या मजल्यावरची शिकवणीवाली. गणिताच्या शिकवण्या घ्यायची आणि बिस्किट मोडतानासुद्धा दोन तुकडे सारखे झाले का बघायची. औषधवाला गोष्टीत भालदार झाला होता, शिकवणीवाली मंत्र जाणणारी बाई. धाकट्यानं मात्र हमाल घेतला. तलवार नाही, जादू नाही, पाठीवर सगळ्यांचं सामान. आणि हा हमाल असा चक्रम की राक्षस समोर आला तर पळण्याऐवजी त्याला विचारायचा, बाबा, तू राहतोस कुठे, घरी कोण कोण असतं? ताईला डोक्यावर हात मारून घ्यावासा वाटायचा, कारण राक्षसाचं घर तिनं लिहिलेलं नसायचं.

म्हणून तिनं आपली जुनी युक्ती इथेही लावली. दारं दोन दाखवायची, खोली एकच लिहायची. डावीकडे गेलात तरी तीच, उजवीकडे गेलात तरी तीच. खेळणारे डोकं लढवतात, भांडतात, एकमत करतात, आणि ताईला पाहिजे तिथे येऊन पोचतात. आडोशामागे फासा वाईट पडला तर ती चांगला सांगायची. तिच्या गोष्टीत कुणी मेलं नाही. शिकवणीवाली एकदा चहा पिता पिता म्हणाली, ताई, तुमचा फासा आमच्यावर फार मायाळू आहे हो, हिशेबात बसत नाही. सगळे हसले, ताईसुद्धा हसली. धाकटा हसला नाही. त्यानं नंतर भांडी विसळताना विषय काढला, की हमाल मरायचा असला तर मरू दे ना; तो काय करतो त्यानं काही फरकच पडणार नसेल तर मी कशाला डोकं लावतो? ताई म्हणाली, तू मेलास तर गोष्ट पुढे कशी जाईल? तो म्हणाला, माझ्याशिवाय जाईल. ताईनं नळ मोठा सोडला. तिला ते बोलणंच अभद्र वाटलं.

मग एक दिवस धाकटा कामावर डबा खात बसला असताना त्याच्या उजव्या हातातून चमचा गळाला आणि पाठोपाठ तो स्वतः कोसळला. टपावर असता तर? ह्या विचारानं ताईला कितीतरी दिवस झोप लागली नाही. फिटचा झटका होता. तपासण्या झाल्या. डोक्यात डाव्या बाजूला गाठ निघाली.

सर्जनबाई हळू बोलणाऱ्या, समजूतदार. धाकटा बाहेर बाकावर इंजेक्शनच्या गुंगीत डुलत होता, आणि आत त्यांनी ताईला नीट समजावून सांगितलं. दोन वाटा आहेत. एक ऑपरेशन: चांगलं झालं तर बरीच वर्षं मिळतील, पण जागा वाईट आहे, टेबलावरच संपू शकतं, किंवा उठेल पण बोलणं जाईल. दुसरी, रेडिएशन आणि गोळ्या: धोका नाही, पण गाठ थोपवून धरायची, तीही थोडा काळ. निर्णय त्याचा आहे, त्या म्हणाल्या, मी त्याच्याशी बोलते. फक्त वेळ काढू नका, गाठ रक्तवाहिनीला बिलगत चाललीय, मग ऑपरेशनही करता येणार नाही. ताई म्हणाली, तुम्ही बोललात तर घाबरेल हो तो, मी सांगते त्याला घरी, माझ्या पद्धतीनं. बाहेर पेशंटांची रांग. बाई बरं म्हणाल्या.

तो घाबरला नसता. अंधारावर उभं राहून तारा तपासणारा माणूस तो. घाबरली होती ताई. खोलीच्या दारापासून बाकापर्यंत कितीसं अंतर, पण तेवढ्यात तिचं सगळं ठरून गेलं. टेबलावरचा तो डोळे मिटलेला चेहरा तिला दिसला आणि तिला ते सहन होईना. तिनं बाकावर त्याच्याशेजारी बसून, त्याच्या खांद्यावरचा केस झटकत सांगितलं, त्या जागी ऑपरेशन होत नाही म्हणाल्या. रेडिएशन घ्यायचं. नदीपलीकडच्या हॉस्पिटलात जायचं की स्टेशनजवळच्या? त्यानं जड डोळे उघडून विचार केला आणि म्हणाला, स्टेशनजवळच्या. मग सकाळची वेळ घ्यायची की दुपारची, तेही त्यानंच ठरवलं. त्याच्यावर सर्जनबाईंकडे पुन्हा जायची वेळच आली नाही. ताईनं त्यांना फोनवर कळवलं, भावानं गोळ्यांची वाट घेतलीय.

लिफ्टचं काम सुटलं. झटके येणाऱ्या माणसाला टपावर कोण चढू देणार? धाकटा घरात बसला, खिडकीत. केस गेले, चेहरा सुजला, उजवा हात आपलं ऐकेनासा झाला. आठवडाभरात त्याला स्वतःला ठरवता येईल असं काय उरलं होतं? उठायचं कधी, गोळी कधी, आंघोळीला कोण धरणार, सगळं दुसऱ्यांच्या हातात. उरला होता एक रविवार. रविवारी हमाल पाठीवर ओझं घेऊन चालायचा आणि 'तू काय करतोस?' असं त्याला कुणीतरी विचारायचं. सोमवारपासून तो त्याचाच विचार करत बसायचा. ताई डेपोतून आली की सांगायचा, मी असं केलं तर, मी तसं केलं तर. ताई हं हं म्हणत स्वैपाकाला लागायची. तिला बरं वाटायचं, की रमलाय पोरगा.

आणि मग तिची चूक झाली. असली चूक गोष्ट सांगणाऱ्याशिवाय कुणाच्या हातून होणार नाही. एका शनिवारी धाकट्याला मोठा झटका आला आणि रविवारी तो दिवसभर झोपून राहिला. बाकीचे दोघं आलेच होते, तर ताईनं त्यांना थोडं खेळवलं. पुढे वाट फुटते, ती म्हणाली, एक डोंगरावरून आणि एक बोगद्यातून. हमाल मागे राहिलाय, तो आपल्या पायानं येईल. दोघांनी डोंगर घेतला. माथ्यावर त्यांना एक विहीर लागली, आणि विहिरीच्या काठावर पाठ करून बसलेली एक म्हातारी. ती त्यांना म्हणाली, मी पाणी काढते पण पीत नाही. औषधवाला तर भारावूनच गेला.

त्याच आठवड्यात डेपोत तापाची साथ आली. निम्मे ड्रायव्हर अंथरुणाला खिळले आणि ताईच्या नाकी नऊ आले. धाकट्याचा रविवार बुडाला म्हणून तो हिरमुसला होता, तेव्हा तिनं बुधवारी सकाळी निघताना त्याला सांगितलं, तुझा हमाल आता एकटाच फाट्यावर उभा आहे, डोंगर की बोगदा ते ठरवून ठेव, संध्याकाळी खेळू. दिवसभर त्यानं दुसरा विचार केला नाही. संध्याकाळी ती चपला काढतेय तोच म्हणाला, बोगदा. छत कोसळेल कदाचित, मला माहीत आहे, पण लवकर पोचेन आणि त्यांना गाठेन. ताई दमून चूर झाली होती. नवीन काही लिहिलेलं नव्हतं. तिनं आडोशामागचा तोच कागद पुढे ओढला आणि बोगद्याच्या मध्यावर त्याला ती विहीर दाखवली, काठावरच्या पाठमोऱ्या म्हातारीसकट. बरेच महिने बंद पडलेला त्याचा चेहरा त्या संध्याकाळी उजळला होता. ताई समाधानानं झोपली.

रविवारी तिघं जमले आणि धाकट्यानं मोठ्या तोऱ्यात आपला बोगदा सांगायला घेतला. विहिरीपर्यंत आला, म्हातारीपर्यंत आला. शिकवणीवालीचा कप ओठांपाशी थांबला. ती म्हणाली, थांब जरा, ती बाई तर आम्हाला डोंगरावर भेटली. पाणी काढते पण पीत नाही, तीच ना? औषधवाला म्हणाला, हो की. ताई काय कच्च्या गुरूची चेली नव्हती. ती पटकन म्हणाली, तीच तर गंमत आहे त्या विहिरीची, ती दोन्ही वाटांवरून दिसते. औषधवाल्यानं टाळीच वाजवली. शिकवणीवालीनं खाली बघितलं. धाकट्यानं हसून म्हटलं, म्हणजे मी डोंगर घेतला असता तरी. आणि पुढचं वाक्य त्यानं पुरं केलंच नाही. तो खेळला, फासा टाकायची वेळ आली तेव्हा डाव्या हातानं टाकलाही, पण ताईला कळलं की तो आता गोष्टीत नाही. तो मागे मागे चालला होता, एकेक दार उघडून बघत.

दोघं गेल्यावर ती कप गोळा करायला लागली. तो टेबलाशीच बसून होता.

"ताई," तो म्हणाला, "दवाखान्यात दुसरी वाट होती?"

इतक्या ड्रायव्हरांना गुंडाळून ठेवणारी बाई ती. नाही म्हणायला किती वेळ लागतो? पण तोंड उघडलं तर जे वर्षानुवर्षं यायचं तेच आलं.

"चहा ठेवू की कॉफी?" ती म्हणाली.

त्याला उत्तर मिळालं. तिलाही कळलं की मिळालं, आणि तिच्या हातातले कप टेबलावर परत गेले. मग तिनं सगळं सांगितलं, काही न वगळता. ऑपरेशनचं, बोलणं जाण्याचं, वेळ काढू नका म्हणाल्या त्याचं. त्यानं एकच विचारलं, आता होईल का? ताई मध्यंतरी त्याला न सांगता पुन्हा त्या सर्जनबाईंना भेटून आली होती. नाही, ती म्हणाली. गाठ पूर्ण वेढून बसलीय. त्यानं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. तो ओरडला असता तर ताईला सोसलं असतं. तिनं रडत रडत म्हटलं, तू टेबलावर गेला असतास तर मी काय केलं असतं? माझं कोण आहे दुसरं?

"हेच मला सांगायचं होतंस," तो म्हणाला. "मग मी कदाचित गोळ्याच घेतल्या असत्या, ताई. तुझ्यासाठी. पण मी घेतल्या असत्या."

खरंच घेतल्या असत्या का? की ऑपरेशन केलं असतं आणि आज धडधाकट टपावर उभा असता? की टेबलावरच गेला असता? आता ते कुणाला कळणार होतं? त्यालाही नाही. तिनं त्याचं नुसतं आयुष्य कमी केलं नव्हतं. तो कसा माणूस होता हे बघायची एकुलती एक वेळ तिनं पुसून टाकली होती. आणि मायेनं. तेच तर वाईट. दुष्टपणानं केलं असतं तर निदान स्वतःला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं.

दोन दिवसांनी धाकट्यानं बोलावलं म्हणून औषधवाला आला आणि त्याला आपल्या दुकानावरच्या खोलीत घेऊन गेला. ताईनं कपाटातून निळी बॅग काढली आणि तिच्या जिभेवर आलं, निळी नेतोस की काळी. तिनं ते गिळलं. दारात धाकटा तिला म्हणाला की मी बोलावल्याशिवाय वर यायचं नाही. रागानं म्हणत नाही, तो म्हणाला, पण तू आलीस की सगळं पुन्हा तुझ्या हातात जातं, आणि माझ्याकडे आता देण्यासारखं फारसं उरलेलं नाही.

ताईनं मानलं, म्हणजे तोंडानं मानलं. सूप करून दुकानात ठेवून यायची. औषधवाल्याला गोळ्यांच्या वेळा सांगायची, ज्या त्या बापड्याला तिच्यापेक्षा जास्त पाठ होत्या. धाकटा झोपलेला असताना नुसतं दारातून बघते, असं एकदा घातलं त्याच्या कानावर. औषधवाला विरघळला, वर जाऊन विचारून आला आणि मान खाली घालून म्हणाला, नको म्हणतो. आणखी एकदा विचारलं, तेव्हाही नको. लोण्याच्या त्या माणसाला दोन्हीकडून चटके बसत होते, आणि हे दिसत असूनही ताई त्याला विचारतच राहिली. शिकवणीवालीकडून तिला इतकंच कळलं की खेळ त्या खोलीत चालू आहे, आता ती स्वतः सांगते, आणि आडोसा नाही; फासे टेबलाच्या मध्यभागी, सगळ्यांसमोर. दुसऱ्याच रविवारी हमाल मेला. पुलावर दोर धरून उभा राहतो म्हणाला, बाकीचे पार होईपर्यंत. त्याला शिकवणीवालीनं आधीच सांगितलं होतं की फासा वाईट पडला तर वाचवणार नाही. पडला वाईट. धाकटा काय म्हणाला, ताईनं विचारलं. हसला, शिकवणीवाली म्हणाली. खूप हसला. मग म्हणाला, पुढे सांग, ते पोचले का? ताई खिडकीशी जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत आपल्या गोष्टीत तो एकदा तरी असा हसला होता का, हे तिला आठवेना.

शेवटी शेवटी त्याचे शब्द जायला लागले. आधी वस्तूंची नावं, मग माणसांची, मग सगळंच. एका दुपारी डेपोतल्या खिडकीशी ड्रायव्हरांची रांग लागली असताना औषधवाल्याचा फोन आला. आता काही खरं नाही, तो म्हणाला. डॉक्टर येऊन गेले. शुद्ध नाही. "तुम्ही या, ताई. त्याला कळणार नाही."

ताई खिडकी उघडी टाकून निघाली. रांगेतल्यांनी काही विचारलं नाही. दुकानाच्या बाजूनं अरुंद जिना वर जातो, भिंतीला औषधांचा वास, वर एक दार. दार उघडंच होतं. औषधवाला उंबऱ्यात उभा होता आणि त्यानं बाजूला होऊन तिला वाट दिली. आतून धाकट्याचा श्वास ऐकू येत होता, घरघरणारा, मध्येच थांबणारा. आत गेली असती तर कुणाला कळलं असतं? त्याला नाहीच. औषधवाला उलट दुवा देत बसला असता. तिचा जीव तुटत होता, तो हात हातात घ्यायला, जो धरून तिनं त्याला लहानाचं मोठं केलं होतं.

तो काही म्हणाला होता का, शुद्ध होती तेव्हा, तिनं विचारलं. मला बोलवायचं वगैरे?

औषधवाल्यानं एकदा आत वळून पाहिलं. मग म्हणाला, नाही.

ताई शेवटच्या पायरीवर बसली, भिंतीला टेकून. तो म्हणाला, अहो ताई, असं काय करता, आत या. ती म्हणाली, त्यानं नको म्हटलंय. त्यानं परोपरीनं विनवलं, हात धरून उठवायलाही गेला. मग आत निघून गेला, कारण आत त्याची गरज होती. ती बसून राहिली. त्या एका दुपारी तिला त्याच्यासाठी आणखी काय करता येणार होतं? श्वास येत होता, जात होता, आणि ती प्रत्येक श्वासाला मनानं आत धावायची आणि प्रत्येक वेळी पायरीवरच असायची. खाली दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. ऊन भिंतीवरून सरकत जिन्याच्या खालच्या वळणापाशी गेलं तेव्हा श्वास थांबला आणि पुन्हा आला नाही.

बऱ्याच वेळानं औषधवाला बाहेर आला. तिच्याशेजारी पायरीवर बसला, एवढा थोरला माणूस, अंग चोरून.

"शेवटी तुमचं नाव घेतलं त्यानं," तो म्हणाला. "ताई म्हणाला."

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे सुजलेले होते.

"दार उघडं होतं रे," ती म्हणाली. "मी इथेच होते. खरं सांग."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"नाही घेतलं," तो म्हणाला. "बोलता येत होतं तेव्हाही नाही."

ताईनं मान हलवली. मग कठड्याला धरून ती उठली आणि आत गेली.